महिरपीचा गालिचा

श्रावणांतील सणाच्या दिवशीं पानें मांडून होतात, उदबत्त्या लागतात, आणि घरांतील एखादी हौशी सून रांगोळीचा डबा घेऊन पंगतीच्या कडेनें सरकूं लागली, कीं तिच्या चिमटींतून प्रत्येक पानाच्या वरच्या अंगास एक कमान उमटत जाते. हिला आपण महिरप म्हणतों. वाड्याच्या दिवाणखान्यांत दोन खांबांमधील लांकडी कमान ती महिरप. गणपतीच्या मखराचा दर्शनी भाग तीहि महिरपच. हा शब्द इतका घरचा होऊन बसला आहे कीं, तो मूळचा अरबी आहे असें सांगितलें तर पुष्कळांस नवल वाटेल. मशिदींत ज्या भिंतीकडे तोंड करून नमाज पढतात, त्या भिंतींत एक कमानदार कोनाडा असतो. त्याचें नांव मिहराब. त्या मिहराबाचीच मराठींत महिरप झाली. या महिन्यांत आम्ही ज्या वस्तूविषयीं लिहिणार आहों, तिच्यावर हीच महिरप लोकरीच्या गांठींनीं विणलेली असते. ती वस्तु म्हणजे तुर्कस्तानांतील नमाजाचा जुना गालिचा.

लिहिण्यास निमित्त घडलें तें असें. आमचे एक स्नेही गेल्या उन्हाळ्यांत इस्तंबूलची सफर करून आले. येतांना त्यांनीं एक लहानसा गालिचा आणला. 'दीडशें वर्षांचा अस्सल जुना माल' असें दुकानदारानें त्यांस सांगितलें होतें, आणि त्या सांगण्यास शोभेल अशी किंमतहि घेतली होती. त्यांनीं तो मोठ्या हौसेनें बैठकीच्या दारांत, आल्यागेल्याचा पाय नेमका पडावा अशा जागीं अंथरला. आम्ही गेलों त्या दिवशीं त्यांच्या मातोश्री (वय ऐशींच्या पुढें) त्या गालिच्यास वळसा घालून भिंतीच्या कडेकडेनें आंत आल्या. मुलानें कारण विचारलें तेव्हां म्हणाल्या, "अरे, तूंच परवां म्हणालास ना, यावर ते लोक नमाज पढतात म्हणून? ज्यावर कोणी देवापुढें डोकें टेकलें, त्यावर मीं पाय कसा द्यावा?" स्नेही हंसून म्हणाले, "आई, ही कलेची वस्तु आहे, सोंवळ्याओंवळ्याची नव्हे." मातोश्री यावर कांहीं बोलल्या नाहींत, पण जातांना पुन्हां भिंतीच्या कडेनेंच गेल्या. जेवणें झाल्यावर उभयतांनीं हा वाद आमच्यापुढें टाकला. आम्हीं महिनाभराची मुदत मागून घेतली.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. नमाजास गालिचा हवाच असा इस्लामी धर्मशास्त्राचा दंडक नाहीं. जागा स्वच्छ असावी आणि तोंड मक्केच्या दिशेस असावें, एवढें पुरे. चटई चालते, कापड चालतें, नुसती कोरी जमीनहि चालते. गालिचा करतो तें इतकेंच कीं, घर असो, दुकान असो वा रानांतील तंबू असो, मनुष्यापुरती हातभर शुद्ध जागा तो आपल्याबरोबर घेऊन येतो. काम झालें कीं घडी घालून उंचावर ठेवावयाचा. आपल्याकडे संध्येच्या आसनामागील कल्पना याहून फार निराळी नाहीं. गीतेच्या सहाव्या अध्यायांत कुश, अजिन आणि वस्त्र असे आसनाचे थर सांगितले आहेत, त्यांतहि मुख्य भर जागेच्या शुद्धतेवर आहे. तुर्की भाषेंत या गालिच्यास 'सेज्जादे' किंवा 'नमाजलिक' म्हणतात. सिजदा, म्हणजे जमिनीवर मस्तक टेकणें, या क्रियेवरून पहिलें नांव पडलें.

आकार बहुधा चार फूट रुंद व सहा फूट लांब, म्हणजे एका माणसापुरता. मध्यभागीं एकाच रंगाचें मोकळें मैदान. तें तांबडें, निळें, क्वचित् हिरवें किंवा हस्तिदंती. या मैदानाच्या एका टोंकास महिरप. महिरपीच्या शिखरापासून कित्येकदां एक दिवा लोंबत असतो, कारण कुराणांत ईश्वरी तेजास कोनाड्यांतील दिव्याची उपमा दिलेली आहे. दोन्ही अंगांस कधीं खांब असतात. महिरपीच्या वरच्या दोन कोपऱ्यांत वेलबुट्टी, भोंवतीं तीन, पांच किंवा सात किनारी. नमाज पढणारा महिरपीचें टोंक मक्केकडे करून उभा राहतो आणि मस्तक टेकतो तें त्या महिरपीच्या आंत. म्हणजे मशिदीची ती एक भिंतच जणूं काढून जमिनीवर आडवी घातली! कित्येक जुन्या नगांत गुडघे टेकण्याच्या दोन जागीं लव झिजून आंतील धागे दिसूं लागलेले असतात. व्यापारी त्यास दोष म्हणून किंमत पाडून मागतात. आम्हांस मात्र गालिच्याची खरी जन्मपत्रिका तीच वाटते.

आतां विणकामाकडे वळूं. उभ्या मागावर ताण्याचे धागे ताणलेले असतात. विणणारी बाई शेजारच्या दोन धाग्यांभोंवतीं रंगीत लोकरीचा पेड अशा रीतीनें गुंडाळते कीं, त्याचीं दोन्ही टोंकें त्या दोन धाग्यांच्या मधून पुढें यावींत. तो खालीं ओढून सुरीनें कापला कीं झाली एक गांठ. अशी एक ओळ पुरी झाल्यावर बाण्याचे आडवे धागे घालून जड फणीनें ठोकावयाचें, आणि पुन्हां पुढची ओळ. या गांठीस पश्चिम तुर्कस्तानांतील ग्योर्देस या गांवावरून 'ग्योर्देस गांठ' असें नांव आहे. इराणी गांठ एकाच धाग्यास पुरा वेढा घालते, ही दोहोंस घालते. म्हणून तुर्की काम इराणीपेक्षां रांगडें, पण टिकाऊ. येथें एक गंमत सांगून ठेवतों. शिकंदर बादशहानें तरवारीनें तोडलेली प्रसिद्ध गांठ याच गांवची, असें कांहीं दुकानदार गिऱ्हाइकांस छातीठोकपणें सांगतात. तें गोर्दियन गांव निराळें, अंकारा शहराच्या बाजूचें. ग्योर्देसशीं त्याचा संबंध नाहीं. परंतु गोष्ट चांगली असली कीं तिच्याबरोबर गालिचाहि खपतो.

एका इंचांत उभ्या आठ व आडव्या आठ गांठी धरल्या, तर चार फूट बाय सहा फूट गालिच्यांत २,२१,१८४ गांठी भरतात. घरचें सारें आवरून, गुरांचें पाहून, उरलेल्या वेळांत बाईनें दिवसास तीन हजार गांठी मारल्या, तरी अडीच महिने झाले. यांत मेंढरें कातरणें, लोकर धुणें, पिंजणें, चातीवर सूत काढणें आणि रंगविणें धरलेलेंच नाहीं. हें सारें काम खेड्यांतून बायका करीत. मुलगी आईच्या शेजारीं मागावर बसून शिके. नक्षीचा कागद नसे. नक्षी डोळ्यांत आणि बोटांत असे. लग्नांत द्यावयाच्या सामानांत मुलीनें स्वतः विणलेले गालिचे असत, आणि सासरचीं माणसें नव्या सुनेची पारख त्यांवरून करीत. यांपैकीं एकीचेंहि नांव आपणांस ठाऊक नाहीं. क्वचित् एखाद्या गालिच्यावर हिजरी साल विणलेलें सांपडतें, पण तेंहि बेतानेंच मानावें लागतें. अक्षरओळख नसलेल्या बाईनें जुन्या गालिच्यावरील आंकडे नुसती नक्षी समजून उतरविलेले असतात, आणि कधीं कधीं ते उलटेहि होतात!

गांवागांवची धाटणी वेगळी. ग्योर्देसची महिरप टोंकदार व रेखीव. कुला गांवच्या गालिच्यांस अरुंद पट्ट्यांची एकाला एक लागून किनार. मिलासच्या महिरपीचा माथा दोन्हीं बाजूंनीं चिमटा काढावा तसा आंत गेलेला. किरशेहिरचा लाल रंग विशेष. कोन्याजवळच्या लादिकच्या गालिच्यांत आडव्या पट्ट्यांत लांब देठांचीं ट्यूलिपचीं फुलें ओळीनें उभीं असतात. पुष्कळदां ही पट्टी महिरपीच्या उलट टोंकास असते, आणि फुलांचीं तोंडें महिरपीकडे पाठ करून असतात. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी, पुढें तिचें काम पडणार आहे.

या गांवठी नक्षीचें मूळ पुष्कळ अंशीं राजवाड्यांत सांपडतें. सन १५८५ मध्यें सुलतान तिसरा मुराद यानें कैरोहून अकरा गालिचेवाले कारागीर त्यांच्या लोकरीसकट इस्तंबूलास बोलाविले होते. त्या काळच्या दरबारी कारागिरीचा एक नमुना न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत आहे. जेम्स बॅलार्ड या संग्राहकानें तो सन १९२२ त दिला. त्यांत तीन कमानी आहेत, जोडखांब आहेत, खांबांस नीटस बैठका आहेत आणि वर लहान लहान घुमट आहेत. एखाद्या शिल्पशास्त्र्यानेंच आंखून द्यावें असें तें काम आहे. अशी नक्षी हळूहळू खेड्यांत पोंचली. तेथील बाईनें ती इमारत कधीं पाहिलेली नव्हती. तिनें आईच्या गालिच्यावरून उतरविली, तिच्या मुलीनें तिच्यावरून. चार पिढ्यांत खांबांच्या बैठका गळाल्या आणि खांब अधांतरीं लोंबूं लागले. आणखी कांहीं पिढ्यांनीं त्यांच्या नुसत्या फिती झाल्या, फितींवर फुलें आलीं. दिव्याचा कोठें पाण्याचा झारा झाला, कोठें फुलांचा गुच्छ झाला. कांहीं पंडित याला ऱ्हास म्हणतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. मिहराबाची महिरप होतांना अरबी व्याकरणाचें कांहीं नुकसान झालें असेल, परंतु मराठीस एक गोड शब्द मिळाला, आणि शब्दाबरोबर रांगोळीची एक रीतहि मिळाली. ग्योर्देस व लादिकच्या बायकांनीं दरबारी नक्षीचें असेंच केलें. दगडी इमारतीची त्यांनीं बाग केली.

या देशाच्या गालिच्यांची कीर्ति मात्र त्या दरबाराहून पुष्कळ जुनी आहे. चौदाव्या शतकांत इब्न बतूता हा प्रवासी तुर्कस्तानांतून गेला, तेव्हां अक्सराय गांवच्या मेंढीच्या लोकरीच्या गालिच्यांस कोठेंच तोड नाहीं आणि ते मिसर, शाम, इराक, हिंदुस्थान व चीनपर्यंत जातात, अशी नोंद त्यानें करून ठेवली आहे. हाच गृहस्थ पुढें दिल्लीस महंमद तुघलकाच्या पदरीं राहिला आणि आपल्या दौलताबादेसहि येऊन गेला.

इतकीं जुनीं कामें टिकलीं कशीं? त्याचें श्रेय मशिदींस आहे. नवस फिटला, कोणी वारलें, किंवा पुण्य जोडावेंसें वाटलें, म्हणजे घरचा चांगला गालिचा मशिदीस वाहण्याची चाल होती. मयतावर घातलेला गालिचा दफनानंतर मशिदींत ठेवीत. वाहिलेली वस्तु वक्फाची. ती विकावयाची नाहीं. तेव्हां नवा आला कीं तो जुन्यावर अंथरावयाचा, अशा थरावर थर चढत जात आणि खालचे आपोआप झांकून राहत. सन १९०५ च्या सुमारास कोन्या येथील अलाउद्दीन मशिदींत मार्टिन या स्वीडिश विद्वानास सेल्जुक काळचे गालिचे आढळले. सहाशें वर्षांहून अधिक काळ ते तेथें होते! पण ही बातमी बाहेर फुटली तसे युरोपांतील गिऱ्हाइकांचे दलालहि पोंचले. मशिदींतून जुन्या वस्तु नाहींशा होऊं लागल्या. तेव्हां वक्फाच्या वस्तूंच्या रक्षणासाठीं इस्तंबूलास सन १९१४ त सुलेमानिया मशिदीच्या आवारांत, जेथें पूर्वीं गरिबांस अन्न मिळे त्या इमारतींत, एक संग्रहालय उघडण्यांत आलें. पुढें १९८३ त तें इब्राहिम पाशाच्या वाड्यांत गेलें. आज तेथें हे गालिचे भिंतीवर आहेत.

जमिनीवरून भिंतीवर जाण्याची ही गोष्ट मात्र संग्रहालयांपासून सुरू झालेली नाहीं. तिचा याहून विलक्षण दाखला रुमानियांतील ट्रान्सिल्व्हानिया प्रांतांत आहे, आणि आमच्या स्नेह्यांच्या घरांतील वादाशीं त्याचा जवळचा संबंध आहे. सन १६१० त क्यूताह्या येथील अधिकाऱ्यांस सुलतानाचा हुकूम गेला कीं, महिरप, काबा किंवा अक्षरें असलेले गालिचे विणणाऱ्यांनीं विणूं नयेत, कारण ते परधर्मीयांस विकले जातात. ज्यावर मस्तक टेकावयाचें तें कोणाच्या पायाखालीं जाईल, ही त्यांची भीति. म्हणजे आमच्या स्नेह्यांच्या मातोश्रींचीच! हुकूम किती पाळला गेला याचें उत्तर ब्राशोव्ह शहरांतील मोठ्या चर्चमध्यें टांगलेलें आहे. सन १६८९ च्या आगीनें भिंती काळवंडल्यावरून त्यास 'काळें चर्च' म्हणतात. तेथील जर्मनभाषी सॅक्सन लोकांनीं सोळाव्या शतकांत ल्यूथरचा पंथ स्वीकारला. मूर्ति व चित्रें गेलीं, भिंती उघड्या पडल्या. तुर्की मुलखाशीं त्यांचा व्यापार मोठा होता. तेव्हां व्यापारी, धंदेवाल्यांच्या पंचायती आणि सधन कुटुंबें यांनीं चर्चला तुर्की गालिचे वाहावयास आरंभ केला. आज एकट्या काळ्या चर्चमध्यें शंभरांहून अधिक जुने गालिचे आहेत, आणि सतराव्या शतकांतील महिरपीचे त्यांत पुष्कळ आहेत. बांकांच्या पाठींवर, सज्ज्यांच्या कठड्यांवर ते शतकानुशतकें लोंबत आहेत. त्यांखालीं ल्यूथरचीं स्तोत्रें गाइलीं गेलीं. सुलतानास ज्याची धास्ती होती तें झालें नाहीं. परधर्मीयांनीं ते विकत घेतले खरे, पण पायाखालीं न घालतां आपल्या देवाच्या घरीं नेऊन टांगले. स्वतः तुर्कस्तानांत झिजून नाहींसे झालेले कित्येक प्रकार आज त्यामुळेंच पाहावयास मिळतात.

याच ब्राशोव्हमध्यें तेओदोर तुदुक नांवाचा एक इसम होऊन गेला (१८८८–१९८३). जुन्या गालिच्यांच्या हुबेहुब नकला करण्यांत तो इतका वाकबगार होता कीं, नामांकित संग्रहालयांनींहि त्याचा माल जुना म्हणून घेतला. आज त्याच्या नकलांसहि संग्राहक शोधीत असतात, हा त्यावरील कळस. लुच्चेगिरीचें समर्थन आम्ही करीत नाहीं. पण त्याचें काम पाहून आंगठा तोंडांत जातो हें खरें.

आतां या विषयांतील सर्वांत दुःखाचा भाग. जुन्या गालिच्यांचे रंग वनस्पतींचे. तांबडा आपल्या मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांचा, निळा निळीचा, पिवळा रानच्या फुलझाडांचा, तपकिरी अक्रोडाच्या सालीचा. तुरटी घालून रंग पक्का करावयाचा. प्रत्येक घाणा थोडा वेगळा उतरे, म्हणून एकाच निळ्या मैदानांत फिक्या व गडद निळ्याचे पट्टे दिसतात. काळ्यासाठीं लोखंडाचा अंश घालीत. तो लोकर खातो, म्हणून शंभर वर्षांनीं काळ्या रेषा खोल जातात आणि बाकीची नक्षी उठून दिसते. म्हातारपण ज्यांस शोभतें असे हे रंग!

सन १८५६ त पर्किननें पहिला कृत्रिम रंग काढला. १८६८ त ग्रेबे व लीबरमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनीं मंजिष्ठ-मुळांतील तांबडें द्रव्यच प्रयोगशाळेंत तयार केलें. स्मर्नाच्या बंदरांतून इंग्लंडास जाणारा या मुळांचा मोठा व्यापार थोड्या वर्षांत बसला. रंगाच्या पुड्या खेड्याखेड्यांत पोंचल्या. पाणी उकळा, पूड टाका, झालें. दोन दिवसांचें काम दोन घटकांवर आल्यावर कोणती बाई मुळें कुटीत बसेल? तिला दोष देण्याचा अधिकार घरांत गॅसची शेगडी वापरणाऱ्या आपणांस तरी नाहीं. परंतु ते पहिले रंग कच्चे होते. जांभळा उन्हानें राखी झाला, नारिंगी भडकला, तांबडा पाण्यानें पांढऱ्यांत उतरला. त्याच सुमारास परदेशी मागणी वाढली. व्यापारी सूत देऊं लागले, नक्षी ठरवूं लागले, गांठीवर मजुरी मोजूं लागले. १९०८ च्या सुमारास स्मर्नाच्या अनेक पेढ्या एक होऊन एक मोठी कंपनीच निघाली. आईकडून मुलीकडे जाणाऱ्या नक्षीच्या जागीं लंडन-पॅरिसच्या बैठकींस शोभेल असा कागद आला.

बायकांनीं हें सारें निमूटपणें सोसलें, असेंहि नाहीं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत उशाक शहरांत वाफेच्या यंत्रांवर सूत काढणाऱ्या गिरण्या निघाल्या; हातानें सूत काढून पोट भरणाऱ्या बायकांची भाकर त्यांनीं काढून घेतली. तेव्हां बायका आणि मुलें यांचा जमाव त्या गिरण्यांवर चालून गेला आणि त्यांनीं त्यांची मोडतोड केली. गालिच्यांवरील सुंदर सुंदर चित्रपुस्तकांतून ही हकीकत सहसा आढळत नाहीं. आम्हांस ती तितकीच महत्त्वाची वाटते, जितकी मुरादाच्या अकरा कारागिरांची.

दोन-तीन पिढ्या गेल्या. विसाव्या शतकाचा उत्तरार्ध आला तोंवर बहुतेक खेड्यांतून कोणत्या मुळानें कोणता रंग उठतो हें सांगणारी म्हातारीहि उरली नव्हती. जें पुस्तकांत नव्हतें, हातांत होतें, तें हातांबरोबर गेलें. तें परत आणलें तें हाराल्ड ब्योमर या रसायनशास्त्राच्या शिक्षकानें, आणि तो जर्मन होता, हा योगायोग पाहण्याजोगा आहे. जुन्या गालिच्यांचे धागे घेऊन त्यानें त्यांतील रंगद्रव्यें पृथक् केलीं, तींच आजूबाजूच्या रानांतील वनस्पतींत शोधलीं, आणि कृति बसविल्या. सन १९८१ त मारमारा विद्यापीठाच्या सहकार्यानें आयवाजिक भागांतील खेड्यांत त्या कृति बायकांस शिकविण्याचें काम सुरू झालें. पुढें युंतदा भागांतहि तें पसरलें आणि तेथें बायकांची स्वतःची सहकारी संस्था निघाली. नक्षी त्यांच्या आजीपणजीची, लोकर त्यांच्या मेंढरांची, आणि पैसा त्यांच्या हातीं. जी विद्या रसायनशाळेनें नाहींशी केली, तिचा पत्ता शेवटीं रसायनशाळेंतूनच लागला. मात्र मध्यंतरीं शंभर वर्षें गेलीं, आणि त्या शंभर वर्षांतील बायकांनीं काय विणलें असतें हें कोणासच सांगतां येणार नाहीं.

इतकें वाचून व पाहून आम्ही मुदतीच्या दिवशीं स्नेह्यांकडे गेलों. गालिचा उलटा करून पाठ पाहिली. गांठी हाताच्या होत्या, तुर्की होत्या, तेवढें समाधान. मग लव बोटांनीं फांकून मुळाशीं पाहिलें. वर राखी दिसणारा रंग आंत झगझगीत जांभळा होता, आणि वरचा सौम्य केशरी मुळाशीं पेटल्यासारखा नारिंगी. ओलें पांढरें फडकें फिरविलें तों त्यावर तांबूस डाग आला. दीडशें वर्षांची गोष्ट तेथेंच संपली. आम्ही जवाहिऱ्यासारखे पारखी नव्हे, पण पन्नास-साठ वर्षांहून जुना तो नसावा असें आम्हीं भीतभीत सांगितलें. स्नेह्यांचा चेहरा उतरला. किंमतीचा आंकडा त्यांच्या डोळ्यांपुढें उभा राहिला असावा. मातोश्रींनीं एवढेंच विचारलें, "पण विणला कोणी हातानेंच ना?" आम्हीं होय म्हणतांच त्या म्हणाल्या, "मग झालें तर."

वादाचा निवाडा आम्हीं असा दिला. गालिचा ही कांहीं मूर्ति नव्हे; खुद्द मुसलमान घरांतहि त्याची पूजा होत नाहीं, म्हणून त्यास स्पर्श झाला तर पाप लागतें असें मानण्याचें कारण नाहीं. परंतु त्या घरांतहि त्यावर कोणी जोडे घालून चालत नाहीं. नमाज होतांच तो घडी करून ठेवतात. तेव्हां दारांतील पायपुसण्याची जागा त्याची नव्हे. काळ्या चर्चच्या लोकांप्रमाणें त्यास भिंतीवर टांगावें. ऊन लागूं देऊं नये, झटकतांना काठीनें बडवूं नये, आणि कसर लागूं नये म्हणून वर्षांतून दोनदां पाठ तपासावी.

स्नेह्यांनीं त्याच दिवशीं सुतारास बोलाविलें. गालिचा लादिकच्या धाटणीचा. एका टोंकास महिरप, दुसऱ्या टोंकास ट्यूलिपची ओळ. फुलें उभीं दिसावीं म्हणून सुतारानें आणि स्नेह्यांनीं मिळून फुलांची बाजू वर घेतली व खिळे ठोकून टाकले. दिसण्यांत तें वाईट नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर आमच्याहि लक्षांत आलें नाहीं. मातोश्री स्वयंपाकघरांतून हात पुसत बाहेर आल्या, थोडा वेळ पाहत उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, "अरे, पानाची महिरप कोणी खालच्या अंगास काढतें का? काढा तें, आणि फिरवून लावा."

सुतारानें खिळे उपटले.